‘ही चाल कोणाकडून आली?’ : ॲपलॅचाच्या डोंगरी संगीतावर पहिला पॉडकास्ट करताना

नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीच्या एका जॅममध्ये, म्हणजे वादक जमून हौसेने वाजवतात त्या बैठकीत, मी पहिल्यांदा रेकॉर्डर घेऊन बसलो, तेव्हा दोन चालींच्या मधली बोलणी घरी येऊन कापून टाकली. फिडल (व्हायोलिनचंच लोकसंगीतातलं नाव) जुळवता जुळवता वादक काहीतरी पुटपुटायचे. ही मी अमक्याकडून घेतली, तो डोंगरापलीकडचा, त्याला ती त्याच्या मामाकडून मिळाली होती. मला ते सगळं मधलं भरताड वाटलं. वर्षभराने पहिला भाग जोडायला बसलो, तर हातात चाळीस चाली होत्या आणि गोष्ट एकही नव्हती. गोष्ट त्या कापलेल्या ओळींत होती.

म्हणून हा लेख. रॉली, शार्लट, अटलांटा, नॅशव्हिल या भागांत बरीच मराठी मंडळी राहतात. तिथून दोन-चार तास गाडी चालवली की ॲपलॅचाच्या, म्हणजे पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगररांगांच्या मुलखात अमेरिकेतलं सगळ्यात जिवंत लोकसंगीत खुर्च्या मांडून बसलेलं भेटतं. त्यावर मराठीत ऐकण्यासारखं काहीतरी करावं, असं ज्यांना वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी मी पायऱ्या मांडतो आहे. पुण्या-नाशकात बसून करणाऱ्यांनाही यातलं निम्मं उपयोगी पडेल.

पहिली पायरी : दोन संगीतं वेगळी ओळखायला शिका

या डोंगरांत ऐकू येणारी ओल्ड-टाइम आणि ब्लूग्रास ही दोन संगीतं बाहेरच्याला एकच वाटतात. तीच वाद्यं, तेच डोंगर, कधी कधी तीच चाल. पण माइक कुठे धरायचा इथपासून ते गोष्ट कोणाची सांगायची इथपर्यंत सगळं या फरकावर ठरतं, म्हणून महिनाभर फक्त ऐका.

ओल्ड-टाइम हे जुनं. फिडल आणि बँजो ही त्यातली मूळ जोडी. गिटार बऱ्याच उशिरा, डाकेने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगमधून घरोघरी पोचली. हे नाचाचं संगीत आहे. सगळे एकदम वाजवतात, एकटा कोणी पुढे येत नाही, आणि एकच चाल पंधरा-वीस वेळा फिरत राहते. पहिल्या तीन फेऱ्यांत कंटाळा येतो, सातव्या-आठव्या फेरीत अंगात भिनते. बँजो इथे बहुतेक क्लॉहॅमर पद्धतीने वाजतो : बोटाच्या नखाने तारेवर खालच्या दिशेने मारायचं आणि अंगठ्याने वरची आखूड पाचवी तार छेडायची. ती पाचवी तार सारखा एकच सूर देत राहते. आपल्या शाहिरामागचं तुणतुणं आठवा, काम बरंच तसंच आहे.

त्या आखूड तारेतच या संगीताचा मोठा इतिहास दडलेला आहे. बँजो हे आफ्रिकेतून आलेलं वाद्य. सेनेगल-गांबिया भागातले जोला लोक आकोंटिंग नावाचं भोपळ्याचं वाद्य वाजवतात. त्यालाही अंगठ्याची आखूड तार असते आणि तेही नखाने खाली मारूनच वाजतं. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी हे ज्ञान हातांत जपून आणलं, कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेच्या दक्षिणेत भोपळ्याचे बँजो बनवले. फिडल आलं स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून. हे दोन हात एकत्र आले तेव्हा ओल्ड-टाइम जन्मलं. पहिल्या भागात हे सांगितलं नाही, तर बाकी सगळं लंगडं राहील असं माझं ठाम मत आहे.

ब्लूग्रास मात्र धाकटं आहे, आणि कितीकांना हे पटत नाही. मँडोलिनवादक बिल मन्रो यांचा ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा संच १९३९ पासून नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात वाजत होता. डिसेंबर १९४५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या शेल्बीजवळचा एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज त्यात आला. तीन बोटांनी बँजोचे सूर धबधब्यासारखे सोडण्याची त्याची पद्धत ऐकून लोक उभे राहिले. गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. हा संच जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं टिकला, पण पुढे ज्याला ब्लूग्रास म्हटलं गेलं त्याचा साचा इथेच पडला. म्हणजे आपला मराठी बोलपट १९३२ चा, आणि ब्लूग्रास त्याहून तरुण. शिवाय मन्रो यांचं गाव रोझीन हे पश्चिम केंटकीत आहे, डोंगरात नाही. ‘युगानुयुगांचं डोंगरी ब्लूग्रास’ असलं काही निवेदनात लिहू नका. जाणकार ऐकणारा तिथेच बंद करतो.

ब्लूग्रासमध्ये वादक आळीपाळीने पुढे येतात. त्या एकट्याच्या फेरीला ‘ब्रेक’ म्हणतात. मान हलवून ब्रेक पुढच्याकडे सोपवतात. मँडोलिन उरलेल्या वेळात ताल धरते, दोन-तीन आवाज उंच पट्टीत एकमेकांना लगटून गातात. मंचावरचं, माइकभोवतीचं संगीत आहे हे. ओल्ड-टाइम मागच्या अंगणातलं.

शब्द आणि उच्चार

छोटी पायरी, पण चुकली तर दार बंद. दक्षिणेकडच्या डोंगरात आपल्या मुलखाला ‘ॲपलॅचा’ म्हणतात. ‘ॲपलेशिया’ म्हणालात की तुम्ही बाहेरचे हे समोरच्याला लगेच कळतं, आणि काहींना ते मनापासून लागतं. व्हर्जिनियातलं गाव ‘गेलॅक्स’, ‘गॅलॅक्स’ नव्हे. ‘हिलबिली’ (डोंगरातला गावंढळ) हा शब्द इथले लोक स्वतःबद्दल वापरतील, तुम्ही वापरू नका. नॉर्थ कॅरोलायनाच्या मॅडिसन काउंटीत साथीशिवाय गायल्या जाणाऱ्या जुन्या कथागीतांना ‘लव्ह साँग्ज’ म्हणतात, मग त्यात तीन खून का असेनात. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलेस हे इंग्लंडहून आलेले संग्राहक १९१६ ते १९१८ या काळात याच डोंगरांतून हिंडले आणि इंग्लंडात विरत चाललेली कथागीतं त्यांना इथे लोकांच्या तोंडी सापडली. ती गुडघ्याला गुडघा लावून, समोर बसून शिकली जात. आजही त्या घरांतले लोक तसंच शिकवतात.

दुसरी पायरी : विषय नको, एक चाल निवडा

नवा माणूस ‘ब्लूग्रासचा इतिहास’ असा विषय घेतो आणि तीन भागांत दमतो. त्याऐवजी एक चाल घ्या आणि एकच प्रश्न धरून मागे मागे जा : ही कोणाकडून आली? आपल्याकडे बंदिशीबद्दल हा प्रश्न सहज विचारला जातो. ही चीज कोणाची, कोणी दिली. इथेही तसाच विचारतात.

एक नमुना देतो, कारण त्याचं सगळं साहित्य घरबसल्या मिळतं. व्हर्जिनिया-वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर, न्यू नदीच्या काठी ग्लेन लिन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे हेन्री रीड नावाचे फिडलर राहत. जन्म १८८४. त्यांनी तरुणपणी क्विन्सी डिलियन नावाच्या वृद्ध फिडलरकडून चाली उचलल्या होत्या. डिलियन मेक्सिकन युद्धात बासरीसारखं फाइफ वाजवणारे सैनिक होते. १९६६-६७ मध्ये ड्यूक विद्यापीठात शिकणारा ॲलन जबूर हा तरुण टेपरेकॉर्डर घेऊन रीड यांच्या घरी पोचला. जबूर शास्त्रीय व्हायोलिन शिकलेला. त्याने रीड यांच्या चाली टेपवर घेतल्या, स्वतःच्या हातात बसवल्या आणि डरॅम-चॅपल हिलच्या बाजूला ‘हॉलो रॉक स्ट्रिंग बँड’ या आपल्या मित्रांच्या संचात वाजवायला सुरुवात केली. १९६८ मध्ये रीड गेले. तोवर त्या चाली विद्यार्थी पोरांत पसरू लागल्या होत्या, आणि आज देशभरच्या जॅममध्ये त्या रोज वाजतात. जबूर पुढे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयातल्या (लायब्ररी ऑफ काँग्रेस) लोकसंगीत संग्रहाचे प्रमुख झाले आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरचे पहिले संचालक. रीड यांच्या त्या टेप ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणीही ऐकू शकतं, प्रत्येक चालीवर जबूर यांच्या टिपणासकट.

आता बघा, युद्धातला फाइफवाला, नदीकाठचा फिडलर, टेपरेकॉर्डरवाला विद्यार्थी आणि तुमच्या गावच्या जॅममधली शेजारीण. चार माणसं, एक चाल, दीडशेहून जास्त वर्षं. वीस मिनिटांचा भाग यातून आपसूक उभा राहतो. डरॅम-चॅपल हिल परिसरात किती मराठी घरं आहेत! त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही की या जुन्या संगीताच्या पुनरुज्जीवनाचा एक महत्त्वाचा धागा त्यांच्या रोजच्या रस्त्याजवळून गेला आहे.

दुसऱ्या भागासाठी मी जो टॉम्पसन यांचं नाव सुचवेन. १९१८ साली जन्मलेले हे कृष्णवर्णीय फिडलर नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबनचे. वडिलांकडून शिकले, भाऊ नेट आणि चुलतभाऊ ओडेल यांच्याबरोबर वाजवत आले, लाकडी फर्निचरच्या कारखान्यात नोकरी केली. २००५ मध्ये बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे एकत्र आलेले रायॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे नंतर टॉम्पसन यांच्या घरी जाऊन शिकू लागले आणि त्यातून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा संच उभा राहिला. २००७ मध्ये टॉम्पसन यांना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. २०१२ मध्ये ते गेले.

त्यांच्यासारखे वादक इतके दिवस नजरेआड का राहिले, हे सांगायला विसरू नका. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत दोन कॅटलॉगमध्ये विकायला काढलं. गोऱ्यांचं ‘हिलबिली’, काळ्यांचं ‘रेस’. काळे वादक ब्लूज गातात, गोरे फिडल वाजवतात, असं एकदा दुकानात ठरलं की फिडल वाजवणाऱ्या काळ्या माणसाची रेकॉर्ड निघायचीच फार क्वचित. पुढच्या पिढ्यांनी इतिहास त्या रेकॉर्डांवरून लिहिला. प्रत्यक्षात मात्र व्यवहार वेगळा होता. बिल मन्रो कोवळ्या वयात आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकाच्या साथीने नाचाला वाजवायचे. ‘कार्टर कुटुंब’ या व्हर्जिनियाच्या गायकसंचातले ए. पी. कार्टर गाणी गोळा करत हिंडले तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक बरोबर असे. कार्टर शब्द टिपायचे, चाल रिडलच्या डोक्यात राहायची. कोणाकडून आली हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारत गेलं की असली नावं आपोआप वर येतात.

तिसरी पायरी : कुठे जायचं

आधी घरूनच. माउंट एअरीचं डब्ल्यूपीएक्यू हे ७४० एएमवरचं स्टेशन १९४८ पासून चालू आहे आणि इंटरनेटवरही ऐकू येतं. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा थेट वाजवण्याचा कार्यक्रम असतो, उन्हाळ्यात भारतात तेव्हा रात्रीचे साडेआठ. स्थानिक जाहिराती आणि निधनवार्तांसकट ऐका. निवेदनाची लय त्यातूनच कळते.

प्रत्यक्ष जायचं तर रॉलीहून माउंट एअरी दोन-अडीच तास. टॉमी जॅरल यांचा हा भाग. याच परिसरातल्या राउंड पीक शैलीचे ते फिडल-बँजोवादक, १९८५ पर्यंत हयात होते आणि दारात आलेल्या कोणालाही शिकवत असत. जूनच्या सुरुवातीला इथे फिडलर्स कन्व्हेन्शन भरतं. तिथून सीमा ओलांडली की व्हर्जिनियात गेलॅक्स, जिथलं ऑगस्टमधलं कन्व्हेन्शन १९३५ पासून चालत आलं आहे. कन्व्हेन्शनमध्ये मंचावर स्पर्धा असते, पण तुम्ही मंचाकडे फार वेळ बसू नका. खरी मैफल वाहनतळावर, तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत रात्री उशिरापर्यंत चालते. वेस्ट व्हर्जिनियातलं क्लिफटॉपचं शिबिर हे ओल्ड-टाइमवाल्यांचं पंढरपूरच. आठवडाभर मुक्काम, दाट झाडी आणि पाऊस नक्की.

गर्दी नको असेल तर व्हर्जिनियातल्या फ्लॉइड गावातल्या जुन्या किराणा दुकानात शुक्रवारी रात्री नाच असतो. त्याच राज्यात हिल्टन्स इथे कार्टर कुटुंबाच्या जागी शनिवारी रात्री कार्यक्रम होतो. शार्लटवाल्यांना शेल्बीचं अर्ल स्क्रग्ज सेंटर तासाभराच्या अंतरावर आहे. आणि ब्रिस्टल. या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनियाची सीमारेषा आहे. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअर यांनी इथे टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत यंत्र मांडलं आणि कार्टर कुटुंब व गायक जिमी रॉजर्स यांचा आवाज पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केला. २०१४ पासून ब्रिस्टलमध्ये या संगीताचं संग्रहालय आहे, त्यात रेडिओ स्टेशनही आहे. ब्लू रिज पार्कवेने जाणार असाल तर निघण्यापूर्वी रस्ता उघडा आहे का ते पाहा. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने त्याचे बरेच तुकडे वाहून नेले होते.

चौथी पायरी : जॅममध्ये कसं बसायचं

पहिल्या भेटीत रेकॉर्डर पिशवीतच राहू द्या. हे मी फार आग्रहाने सांगतो. एक संध्याकाळ नुसतं ऐका, खुर्च्या उचलायला मदत करा, कोण कोणाला मान देतो ते पाहा. दुसऱ्या भेटीत विचारा. सगळ्यांना नव्हे, आधी ज्याच्या भोवती जॅम जमतो त्याला. तो ‘हो’ म्हणाला की बाकीच्यांना तोच सांगतो.

वर्तुळाच्या आत शिरू नका. आतल्या खुर्च्या वाजवणाऱ्यांच्या. चाल संपत आली की कोणीतरी पाय वर उचलतो. ही शेवटची फेरी, अशी ती खूण. हे माहीत असलं की तुम्ही रेकॉर्डर घाईने बंद करत नाही. शेवटच्या सुरानंतर पूर्ण दहा सेकंद थांबा. तारा विरतात, कोणीतरी हसतं, कोणीतरी म्हणतं, ‘ही मी तिच्याकडून घेतली.’ तेच तर घ्यायचं आहे.

ओल्ड-टाइमवाले तासन्‌तास एकाच पट्टीत बसतात, कारण पट्टी बदलली की बँजोच्या आणि बऱ्याचदा फिडलच्याही तारा पुन्हा जुळवाव्या लागतात. ही जुळवाजुळवी हाच तुमचा मोकळा वेळ. पाणी विचारा, नाव विचारा, चाल विचारा. वाजवणं चालू असताना कुजबुज नको.

पाचवी पायरी : सामान

महागडं काही लागत नाही. दोन माइक वरच बसवलेला, हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर, कानावर घट्ट बसणारे हेडफोन, वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी, लहान तिपाई, जास्तीच्या बॅटऱ्या आणि कार्ड. एमपी-थ्री नको, वेव्ह फाइल घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरे. आवाजाची सर्वांत उंच उडी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. बँजो अचानक उसळतो आणि एकदा आवाज फाटला की कुठल्याही सॉफ्टवेअरने तो शिवता येत नाही. आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय मात्र नक्की बंद करा, नाहीतर चाल श्वास घेतल्यासारखी वर-खाली होते.

ओल्ड-टाइम जॅमसाठी तिपाई वर्तुळाच्या थोडी बाहेर, डोक्यापेक्षा जराशी उंच. गिटारच्या समोर नको, ती सगळ्यांना गिळते. ब्लूग्रासच्या संचासाठी उलट करा : एक माइक मध्ये ठेवा आणि वादकांना त्याच्या जवळ-लांब होऊ द्या. जुने संच एकाच माइकभोवती असेच सरकत वाजवायचे, त्यांना समतोल कसा साधायचा ते तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. एकट्या बँजोसाठी फूटभर अंतरावरून, मान आणि गोल भांडं जिथे मिळतं तिथे रोख. थेट कातड्यावर रोखलात तर नुसता टणटणाट. फिडल वरून, दोन-तीन फुटांवरून.

नाच असेल तर एकदा रेकॉर्डर जमिनीच्या जवळ न्या. फ्लॅटफुट नाचाचे पाय लाकडी जमिनीवर जो ताल धरतात, तो या संगीतातला आणखी एक वादक आहे. मराठी श्रोत्याला त्यात लगेच घरचं काहीतरी सापडतं.

सहावी पायरी : स्वयंपाकघरातली मुलाखत

मुलाखत घरी घ्या, आणि बहुतेक वेळा ती स्वयंपाकघरातच होते. फ्रिजचा घुर्रर्र आवाज आपल्या कानाला कळत नाही, माइकला कळतो. परवानगी घेऊन फ्रिज बंद करा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ही रेडिओवाल्यांची जुनी युक्ती आहे. किल्ली घ्यायला गेल्याशिवाय निघता येत नाही, आणि आजींचं दूध नासत नाही.

वाद्य त्यांच्या मांडीवर असू द्या. हात रिकामे असले की माणूस मुलाखत देतो, हातात फिडल असलं की आठवतो. ‘तुमच्या संगीतप्रवासाविषयी सांगा’ असं विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी बारीक विचारा. ही चाल पहिल्यांदा कोणाची ऐकली? तो कुठे बसला होता? त्याच्या घरी याला काय म्हणत? त्याच्यासारखं वाजवून दाखवाल? आणि तुम्ही त्यात काय बदललं? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण आधी ‘काहीच नाही’ म्हणतात, मग वाजवतात, मग हसतात. टेप चालू ठेवा.

वयस्कर माणसांना नावापुढे ‘मिस्टर’ किंवा ‘मिस’ लावून हाक मारा. दक्षिणेत ‘मिस’पुढे आडनावाऐवजी पहिलं नावही चालतं आणि ते आपल्या ‘मावशी’इतकं मायेचं असतं. डोंगरी इंग्रजी कळलं नाही तर सरळ विचारा, परदेशी माणसाला ते आनंदाने समजावतात. माझा तरी अनुभव असा की आपण दुसऱ्या संगीतपरंपरेतून आलो आहोत हे कळलं की प्रश्न तिकडून सुरू होतात. तयारीत राहा. तंबोऱ्याचा आवाज फोनवर ठेवा. फिडलर जेव्हा दोन तारा एकदम घासून सतत एक सूर तळाशी धरतो, तेव्हा तो दाखवून बोलता येतं.

निघताना एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची शांतता टिपा. जोडणी करताना दोन वाक्यांच्या मधली फट याच शांततेने भरावी लागते.

सातवी पायरी : हक्क

इथे नव्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. ‘तीस सेकंदांपर्यंत कोणाचंही गाणं वापरलं तर चालतं’ ही निव्वळ अफवा आहे, असा नियम कुठेही नाही.

दोन हक्क वेगळे धरा. एक रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. कर्ता ठाऊक नसलेली पिढीजात चाल सर्वांची असते. पण तीच कोणी रेकॉर्ड केली असेल तर ती रेकॉर्ड त्याची किंवा कंपनीची. अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधली ध्वनिमुद्रणं शंभर वर्षांनी खुली होतात. म्हणजे ब्रिस्टलची १९२७ ची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२८ ला. १९४७ ते १९५६ मधल्यांना एकशे दहा वर्षं. मन्रो यांनी रचलेल्या चाली कितीही ‘पारंपरिक’ वाटल्या तरी त्यांचा कर्ता माहीत आहे. शिवाय जुन्या गाण्यांवर संग्राहकांनी स्वतःच्या नावाने हक्क नोंदवल्याचीही उदाहरणं आहेत, तेव्हा नाव दिसलं की तपासून घ्या.

सोपा आणि सन्मानाचा मार्ग एकच : वादकाकडून पिढीजात चाल तुम्ही स्वतः टिपा आणि एका पानाच्या साध्या कागदावर लेखी परवानगी घ्या. कुठे वाजेल, पैसे मिळाले तर काय, नाव कसं लिहायचं, सगळं त्यात असू द्या. टेपच्या सुरुवातीलाही त्यांच्याच आवाजात ‘हो’ घ्या. ग्रंथालयाच्या संग्रहातलं काही हवं असेल तर त्या त्या संग्रहाची हक्कांची टीप वाचा आणि मेल लिहा. ग्रंथपाल उत्तर देतात, आणि बऱ्याचदा मागितलं त्याहून जास्त दाखवतात. चॅपल हिलचं सदर्न फोकलाइफ कलेक्शन आणि केंटकीतल्या बेरिया कॉलेजचा ध्वनिसंग्रह ही दोन दारं आवर्जून ठोठवा.

आठवी पायरी : मराठीत जोडणी

ऑडॅसिटी हे आवाज जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पहिल्या दहा भागांना पुरतं. एकूण आवाज उणे १६ एलयूएफएसला (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं हे एकक) आणून ठेवा.

भाग वीस मिनिटांचा धरा. सुरुवात निवेदनाने नको, आवाजाने हवी. फिडल जुळतंय, खुर्ची सरकतेय, आणि वादक म्हणतोय, ही मी अमक्याकडून घेतली. मग तुम्ही बोला. इंग्रजी बोलणं मराठीत आणताना आधी मूळ आवाज तीन-चार सेकंद मोकळा ऐकू द्या, मग तो खाली घेऊन वर तुमचं मराठी, आणि शेवटचे दोन शब्द पुन्हा त्यांचेच. त्या आवाजातला हेल अनुवादात येत नाही, तो ऐकायलाच हवा. गाण्याचे शब्द मराठीत गाऊ किंवा वाचू नका. गाण्याआधी एका वाक्यात घटना सांगा आणि बाजूला व्हा.

सगळ्यात अवघड काम म्हणजे चाल पूर्ण वाजू देणं. संपादकाचा हात वीस सेकंदांनी शिवशिवतो. निदान एकदा, भागाच्या मध्यावर, ओल्ड-टाइम चालीच्या सहा-सात फेऱ्या न बोलता सोडा. हे संगीत फिरण्याने चढतं, आणि ते एकदा अंगावर चढल्याशिवाय तुमची गोष्ट ऐकणाऱ्याला पटणार नाही. उपमा जपून द्या. तुणतुणं एकदा सांगितलं ते पुरे. प्रत्येक वाद्याला आपल्याकडचं भावंड शोधत बसलं तर ते लोक आपापल्या मुलखातले राहत नाहीत.

शेवटचं काम, आणि ते टाळू नका

प्रसारित करण्यापूर्वी भाग वादकाला ऐकवा. मराठी त्यांना कळणार नाही, म्हणून तुम्ही काय बोललात त्याचा इंग्रजी मसुदा सोबत द्या. नात्यांची, गावांची नावं ते दुरुस्त करतात; माझ्या एका भागात मी काकाला मामा केलं होतं आणि त्यामुळे चाल भलत्याच खोऱ्यात गेली होती.

मग पूर्ण, न कापलेलं ध्वनिमुद्रण त्या घराला द्या. दुवा नको, पेन ड्राइव्ह किंवा सीडी द्या. डोंगरात बऱ्याच ठिकाणी इंटरनेट रडतखडत चालतं आणि गाडीत अजून सीडी वाजते. वरच्या कागदावर तारीख, जागा, वाजवणाऱ्याचं नाव, चालीचं त्या घरातलं नाव, तारांची जुळणी आणि शेवटी ‘कोणाकडून’ हा रकाना. तुमच्या संगणकातल्या फाइललाही हेच सहा तपशील द्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जॅममध्ये गेलात आणि एखाद्या मुलीने तीच चाल काढली, तर कागद काढा आणि त्या रकान्यात तिच्या आधीचं नाव भरून घ्या.